बाथरूमचं पाणी हळूहळू जातं. बाजारातली पावडर टाकावी का?

पावडर नंतर. आधी जाळी काढा, नहाणी ट्रॅपमधली (जाळीखालच्या खोलगट भांड्यातली) वाटी उचला आणि टोक वाकवलेल्या तारेनं आत अडकलेलं ओढून काढा. बहुतेक वेळा काम इथंच संपतं.

पण तुम्ही प्रश्नात 'घरात बायकांचे केस लांब आहेत' असंही लिहिलंय, म्हणून मी लिहायला बसले.

माझे केस कमरेखाली. दारव्हा तालुक्यात सासर. मोरीत पाणी घोट्याला लागलं की सासूबाई ओसरीतून ओरडायच्या, "सूनबाई, तुह्या केसानं पुन्हा तुंबली व!" पाहुण्यांसमोरसुद्धा. नऊ वर्षं ऐकलं. मी तर विंचरून निघालेले केस बोटाला गुंडाळून डब्यात ठेवायची आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला द्यायची. दोन स्टीलच्या वाट्या आल्यात त्यातून.

एका पोळ्याला बैल धुऊन आलेले दीर-पुतणे एकामागून एक अंघोळीला गेले आणि पाणी उंबऱ्यापर्यंत चढलं. पुन्हा तेच वाक्य. मी पदर खोचला आणि तार घातली. उंदराच्या शेपटीसारखा लांब, करडा, चिकट गोळा निघाला. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, नुसता थर धरतो आणि त्यात केस रुततात. तो गोळा मी नळाखाली सगळ्यांसमोर धुतला. माझे काळे दोन-चार होते, नाही म्हणत नाही. बाकीचे तांबूस, मेंदीचे. मी मेंदी लावत नाही. घरात कोण लावतं ते इथं सांगत नाही.

गंमत म्हणजे एवढं काढूनही पाणी रेंगाळायचंच. दिवाळीनंतर गवंडी लेव्हलची नळी घेऊन आला. मोरीपासून रस्त्याच्या नालीपर्यंत अठरा फूट पाइप. दहा फुटांना तीन इंच धरले तर जवळजवळ साडेपाच इंच उतार हवा. निघाला जेमतेम एक, तोही मध्ये पोट पडून, म्हणजे पाइप मधेच खाली दबलेला. पाइप टाकताना मामंजी स्वतः उभे होते. मुरूम कशाला, म्हणून खोदलेलीच काळी माती खाली-वर लोटली. उताराचं विचारलं तेव्हा म्हणाले होते म्हणे, "पानी काय आंधयं हाय का, जाईनच ना!" काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाइप जागेवर राहील कसा? नवा पाइप मुरमावर बसवला. माझे केस तेवढेच लांब आहेत, पाणी सरसर जातं.

तुमचं दुखणं कुठं आहे ते असं पाहा: ट्रॅप साफ करून एक बादली एकदम ओता. आधी भरभर जाऊन मग मागं फुगलं, तर अडचण पुढं पाइपात आहे.

आता पावडर. बहुतेकींत कॉस्टिक सोडा असतो, तो केस आणि चिकटा विरघळवतो, पाइपाचं पोट सरळ करत नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर म्हणजे नुसता फेस, दोघं एकमेकांनाच मारून टाकतात. पावडर वापरलीच तर हातमोजे घाला, तोंड लांब ठेवा, वर ॲसिड ओतू नका. ॲसिड आणि ब्लीचिंग तर कधीच एकत्र नको, क्लोरीन वायू निघतो. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी मऊ पडतो. कोमट चालेल.

आणि वाटी परत बसवा, नाहीतर नालीचा वास आणि झुरळं थेट घरात.