घडीच्या ई-सायकलचे गिअर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी 20 इंची चाकांची घडीची ई-सायकल आहे. मोटर मागच्या चाकात, 250 वॉटची. पुढचं चेनव्हील 44 दात्यांचं, मागे 7 गिअर, 14 ते 28 दाते. गाव ते शाळा 11 किलोमीटर, सगळा सपाट डांबरी रस्ता. मोटर चालू असली की सातव्या गिअरवरही पाय नुसते गरगर फिरतात, पायडलवर जोर म्हणून लागत नाही. दुकानदार म्हणतात, 9 गिअर टाका, वेगही वाढेल. टाकू का?
– एक शिक्षिका, घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, 9 गिअर टाकू नका. आधी वेगाचं बघू. तुमची मोटर मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) आहे, तिची ताकद चेनमधून जातच नाही, सरळ चाकाला मिळते. चेन कोणत्याही दात्यांवर असो, मोटर पळायची तेवढीच पळणार आणि ताशी 25 किलोमीटरला कंट्रोलर (मोटरची वीज सांभाळणारा डबा) तिची वीज तोडणार. ही मर्यादा उठवून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. 250 वॉट आणि 25 किलोमीटरच्या आत असते म्हणूनच या सायकलला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. गिअर बदलून फायदा होतो तो फक्त पायांना.

आता तुमच्या पायांचा हिशोब. 20 इंची जाड टायर एका फेऱ्यात साधारण 1.55 मीटर जातो. पुढे 44, मागे 14, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 4.87 मीटर पुढे सरकते. 25 किलोमीटरचा वेग धरायचा तर मिनिटाला 85 फेरे मारावे लागतात. सवय नसलेल्या माणसाला 60 ते 70 फेरे झेपतात, म्हणून तुमचे पाय रिकामे फिरतात. मागचा सगळ्यात लहान दाता, म्हणजे दातेरी चकती, 14 ऐवजी 11 दात्यांची केली, की तेच अंतर 6.2 मीटर होतं आणि फेरे 67 वर येतात. तुम्हाला एवढंच हवं आहे.

म्हणजे 7 गिअरचंच, पण 11 ते 28 दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा आट्यांनी बसणारा संच) घ्या. साधी 7 गिअरची फ्रीव्हील 14 दात्यांपासून सुरू होतात, 11 वाली कमी मिळतात. तालुक्याला मिळाली नाहीत तर मागवून घ्यावी लागतील. मागवताना ‘स्क्रू-ऑन फ्रीव्हील, 7 स्पीड, 11-28’ असं स्पष्ट लिहा. कॅसेट (आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसवायचा संच) मागवाल तर ती तुमच्या मोटरवर बसणार नाही. मोठा दाता 28 चाच राहतो, त्यामुळे चेनची लांबी, डेरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि हँडलवरचा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) काहीच बदलावं लागत नाही. चढाचा गिअरही होता तसाच राहतो.

दुसरा मार्ग पुढचं चेनव्हील 52 दात्यांचं करण्याचा. फेरे 72 वर येतात, पण खालचा गिअरही 18 टक्के जड होतो आणि बॅटरी संपली त्या दिवशी ते गुडघ्यांना कळतं. चेनला 4 कड्या वाढवाव्या लागतात. शिवाय स्वस्त सायकलींत चेनव्हील क्रँकला (पायडलच्या दांड्याला) रिव्हेट केलेलं असतं, मग अख्खा क्रँक बदला. दोन्ही बदल एकदम तर करूच नका. 52 ला 11 म्हणजे एका फेऱ्यात 7.3 मीटर, समोरून वारा आला की तो गिअर कामाचाच राहत नाही.

9 गिअर का नको, तेही सांगतो. शेजारच्या दोन दातेरी चकत्यांमधलं अंतर 7 गिअरमध्ये 5 मिलिमीटर असतं, 9 मध्ये 4.35. म्हणजे शिफ्टर नवा, चेन नवी आणि पातळ, फ्रीव्हील जास्त रुंद. हे रुंद फ्रीव्हील मोटरच्या ॲक्सलवर (आसावर) फ्रेमला घासू शकतं. एवढा खर्च करून पायाला मिळणारा दाता मात्र तोच 11 चा.

चेन आधी मोजून घ्या. स्टीलची फूटपट्टी लावा आणि एका पिनच्या मध्यापासून 24 कड्या मोजा. नवी चेन बरोबर 12 इंच भरते. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जास्त भरली तर चेन गेली. अशी ताणलेली चेन नव्या फ्रीव्हीलवर चढवली की जोर देताच ती दात्यांवरून उडते आणि दोष नव्या फ्रीव्हीलला लागतो.

प्रश्न: गावात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ई-सायकलचं फ्रीव्हील काढताना पुलरच बसत नाही. एकदा छिन्नी-हातोडीनं काढलं तर मोटरच्या झाकणाला ओरखडा पडला. बरोबर पद्धत कोणती?
– एक सायकल मिस्त्री, आर्वी, जि. वर्धा

उत्तर: भाऊ, छिन्नी पुन्हा लावू नका. झाकणाला तडा गेला की पाणी थेट मोटरमध्ये उतरतं. तुमचा पुलर बसत नाही, कारण साध्या सायकलचा ॲक्सल बारीक असतो आणि मोटरचा 12 मिलिमीटरचा. 12 खाचांचा पुलर घ्या, पण ॲक्सल आरपार जाईल एवढं त्याचं भोक मोठं हवं. बऱ्याच मोटरींची वायर गिअरच्याच बाजूनं ॲक्सलमधून निघते, तेव्हा वायरचं कनेक्टरही त्या भोकातून जायला हवं. विकत घ्यायच्या आधी कॅलिपरनं मोजा.

बॅटरी आधी काढून बाजूला ठेवा. मोटरचं कनेक्टर सरळ ओढा. पिळलंत तर आतल्या पिना वाकतात. जोडताना दोन्ही बाजूंचे बाण समोरासमोर आणा. ॲक्सलचे नट खोलण्याआधी वॉशर कोणत्या क्रमानं आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. त्यांतला हुकासारखा टॉर्क वॉशर ॲक्सलला फिरू देत नाही. तो उलटा बसला किंवा राहून गेला तर मोटरच्या पहिल्याच झटक्याला ॲक्सल फ्रेममध्ये फिरतो आणि वायर पिळून तुटते.

फ्रीव्हीलच्या आट्यांवर गंज उतरवायचं तेल रात्रभर सोडा. पुलर व्हाइसमध्ये उभा धरा, वायर सांभाळून त्यावर चाक बसवा आणि दोन्ही हातांनी चाक उलटं, म्हणजे डावीकडे फिरवा. पान्यानं जोर द्यायला गेलात तर पुलर निसटतो आणि खाचा सोलतो. 26 इंची चाकापेक्षा 20 इंची चाकात हाताची पकड लहान पडते, एक माणूस जास्त घ्या.

नवं फ्रीव्हील बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच आटे हातानंच घ्या. आटे बारीक असतात, तिरपं चढलं की हबचे आटेच जातात. पान्यानं फार आवळायची गरज नाही, चालवताना पायडलच्या जोरानं ते आपोआप घट्ट होतं. मग चाक लावून बघा: 11 चा दाता आणि त्यावरची चेन फ्रेमपासून किमान 3 मिलिमीटर लांब राहिली पाहिजे. घासत असेल तर गिअरच्या बाजूनं ॲक्सलवर 1 मिलिमीटरचा वॉशर टाका. त्यानं चाक जरा सरकतं, म्हणून ब्रेक पुन्हा बघून घ्या. नट 40 न्यूटन-मीटरपर्यंत आवळा.

शेवटी डेरेलर. तो दोन्ही टोकांना किती सरकेल ते दोन स्क्रू ठरवतात: एच स्क्रू 11 च्या दात्यासाठी, एल स्क्रू 28 च्या. एल स्क्रूकडे दुर्लक्ष करू नका. तो ढिला राहिला तर डेरेलर आऱ्यांत शिरतो आणि इथे चाक मोटर फिरवत असते, पायडल थांबवलं म्हणून ते थांबत नाही. हँगर (डेरेलर टांगायची फ्रेमची पट्टी), डेरेलर, आरे एका क्षणात जातात. सायकल उलटी ठेवून आधी हातानं सगळे गिअर फिरवा, मोटर नंतर जोडा.

प्रश्न: वावरात जायला पांदण रस्ता आहे. पावसाळ्यात काळी माती डेरेलरमध्ये गच्च बसते, गिअर हलत नाहीत. चेन नसलेले आतले गिअर बसवता येतील का?
– एक शेतकरी, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर: आतल्या गिअरलाही चेन लागतेच, भाऊ, पण डेरेलर लागत नाही. मात्र ते मागच्या हबमध्ये बसतात. तुमची मोटर मागे असेल तर तिथे जागाच नाही. मोटर पुढच्या चाकात असेल तर 3 गिअरचं हब छान बसतं आणि काळ्या मातीला तेच चांगलं.

मागे मोटर असेल तर 28 दात्यांच्या पुढे जाऊ नका आणि आखूड पिंजऱ्याचा (खाली लोंबणारा, चेन ताणणारा भाग आखूड असलेला) डेरेलर ठेवा. 20 इंची चाकाला लांब पिंजरा जमिनीला टेकायला येतो. चिखलात शिरण्याआधी मधला गिअर घ्या, आत गिअर बदलू नका. माती वाळायच्या आत बादलीभर पाणी आणि ब्रशनं धुवा. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा ॲक्सलवर मारलात तर पाणी मोटरमध्ये जातं. धुतल्यावर मोटर बंद ठेवून सायकल ढकलून बघा. पायडल आपोआप फिरत असेल तर फ्रीव्हीलमध्ये माती गेली आहे, तेल सोडा. तरी फिरलं तर बदला.

प्रश्न: परतवाड्याहून चिखलदरा चढायचा आहे. 34 दात्यांचं फ्रीव्हील टाकलं तर मोटरवरचा ताण कमी होईल ना?
– एक वाचक, परतवाडा, जि. अमरावती

उत्तर: पायांवरचा ताण कमी होईल, मोटरवरचा वाढू शकतो. 44 ला 34 लावून मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग फक्त 7 किलोमीटर. इतक्या कमी वेगात हबमोटर विजेचा मोठा भाग नुसत्या उष्णतेत घालवते, आतले नायलॉनचे गिअर मऊ पडतात. चढावर 10 किलोमीटरच्या वर राहता येईल तेवढीच मोटर वापरा. वेग त्याखाली उतरला की मोटर बंद करा आणि 34 वर फक्त पायांनी चढा, किंवा उतरून ढकला. दर अर्ध्या तासानं हबला हात लावून बघा, हात ठेववत नसेल तर सावलीत थांबा. डेरेलरवर 34 दात्यांची क्षमता लिहिलेली असेल तरच हे फ्रीव्हील घ्या आणि 28 च्या हिशोबानं कापलेली चेन 4 कड्यांनी वाढवा. आखूड चेन मोठ्या दात्यावर चढली तर डेरेलर ताणून हँगर वाकवते.