वेल्समधल्या आजीचं स्वयंपाकघर मी सहा वर्षांच्या वयात पाहिलं, त्या आठवणीतून ते तेलरंगात रंगवायचं आहे. फोटो एकही नाही, चेहराही नीट आठवत नाही. सुरुवात कुठून करू?

चेहरा राहू द्या, आधी डोळ्यांची पातळी ठरवा. तुम्ही तेव्हा सहा वर्षांचे होतात म्हणता. त्या वयात डोळे जमिनीपासून साधारण १०५ सेंमीवर असतात. आजीची उंची १५५ धरली तर क्षितिजरेषा, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ, तिच्या कोपराच्या जरा वरून जाईल. ४०×५० सेंमीच्या उभ्या कॅनव्हासवर आजी ३० सेंमीची काढा आणि तिच्या पावलांपासून २० सेंमीवर ही रेघ मारा. टेबलाचा पृष्ठभाग मग नुसती चिंचोळी पट्टी दिसतो, आणि निळ्या-पांढऱ्या बश्यांच्या ड्रेसरच्या (बश्या मांडायच्या उघड्या कपाटाच्या) वरच्या फळ्या खालून दिसतात. बहुतेकांचं इथेच फसतं. खोली मोठ्या माणसाच्या उंचीवरून काढली जाते. मग रेखाटन बिनचूक असूनही आठवण काही त्यात उतरत नाही.

इंटरनेटवरून वेल्श पारंपरिक वेशातली उंच काळी टोपी आणि शाल मात्र उचलू नका. चित्रकार व्हॉस्परच्या १९०८ च्या ‘सेलम’ या चित्रात ती टोपी आहे, पण रोजच्या वापरातून ती तेव्हाच गेली होती. आजीला साधा एप्रन द्या.

कॅनव्हासला आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग फासून फडक्याने पुसून घ्या. जुन्या दगडी घरांच्या भिंती जाड, खिडक्या लहान आणि खोल. त्यामुळे उजेड एकाच बाजूने येतो आणि बरीचशी खोली काळोखात राहते. तो काळोख ट्यूबमधल्या काळ्याने मरतो. त्याऐवजी अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट अंबर मिसळा. खिडकीजवळ निळा जास्त, चुलीकडे अंबर जास्त. शुद्ध पांढरा फक्त बश्यांच्या कडेला.

वेल्समधल्या ॲंगलसी बेटाचे चित्रकार कफिन विल्यम्स पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, जाड रंग थापत, त्यांची चित्रं जरूर बघा. पण नवख्याने थर २ मिमीच्या आतच ठेवावा. जाड थरावर साय धरते, आतला रंग ओलाच राहतो आणि वर सुरकुत्या पडतात. खालचे थर टर्पेंटाइनचे, तेल वरच्यांत. उलटं केलंत तर तडे जातात.

चेहऱ्याची चिंता नको. या मापात डोकं जेमतेम ४ सेंमीचं येतं. एक उजेडाची बाजू, एक सावलीची, बस्स. ओळख पटते ती मानेच्या कलावरून आणि खांद्यांवरून. तिथे वेळ घाला. व्हार्निशला वर्षभर तरी थांबा, आणि पावसाळ्यात तर ते लावूच नका.