पोन्स फाब्रिकिउस पुरात का टिकला?

रोममधला पोन्स फाब्रिकिउस हा दगडी पूल दोन हजार वर्षं टिबर नदीचे पूर झेलत कसा उभा राहिला, रोमन चुन्यात असं काय होतं, असा प्रश्न आहे. चुन्याचं श्रेय थोडं बाजूला ठेवा आणि आधी मधला खांब बघा.

पूल इ.स.पू. ६२ चा, नदीच्या डाव्या काठावरून टिबर बेटावर जाणारा. लांबी ६२ मीटर, रुंदी जेमतेम साडेपाच. मोठ्या कमानी दोनच, प्रत्येकीचा गाळा साधारण साडेचोवीस मीटर, म्हणून पात्रात खांब एकच. त्या खांबाच्या वरच्या अंगात सुमारे सहा मीटरची छोटी कमान मोकळी ठेवली आहे. एरवी तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. नदी फुगली की पाणी तिथून वाट काढतं. भरीव भिंतीवर बसला असता तेवढा रेटा मग बसत नाही.

कमानीत चुन्याचं काम दुय्यम. पाचरीसारखे घडवलेले दगड लाकडी ढोल्यावर, म्हणजे कमानीला तात्पुरता आधार देणाऱ्या साच्यावर, दोन्ही बाजूंनी सारखेच रचत आणायचे. एकच बाजू आधी चढवली तर ढोला कलतो आणि कमानीचा आकार बिघडतो. माथ्यावरचा शेवटचा, कळीचा दगड बसला की सगळे एकमेकांना दाबून धरतात. दगड दाब सोसतो, ताण नाही. म्हणून खांब थोडा जरी खचला की सांधे उघडतात आणि दगड निसटू लागतात.

खरा घात पायाशीच होतो. खांबावर आपटलेलं पाणी खाली वळतं, भोवरे तळ खरवडतात, पायाखालची वाळू अक्षरशः सरकते. रोमन वास्तुविशारद विट्रुविअसने पाण्यात पाया घालायची रीत दिली आहे: खुंटांचं दुहेरी कुंपण, मध्ये चिकणमातीच्या टोपल्या ठासायच्या, आतलं पाणी उपसून घट्ट थरापर्यंत खणायचं. तळ भुसभुशीतच निघाला तर जरा जाळून घेतलेले ऑल्डर किंवा ऑलिव्हच्या लाकडाचे खुंट ठोकायचे. या कामात कसर राहिली तर वरची कमान कितीही सुबक असो, उपयोग नाही.

देखरेखही हवीच. इ.स.पू. २३ च्या पुरानंतर, इ.स.पू. २१ मध्ये दोन कॉन्सलांनी (रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी) पूल तपासून मान्य केल्याचा लेख कमानीवर आजही वाचता येतो. बेटाच्या खालच्या टोकाला उभे राहिलात तर समोर पोन्स एमिलिउस या दुसऱ्या जुन्या रोमन पुलाची पात्रात एकटी उरलेली कमान दिसेल. त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग १५९८ च्या पुराने नेला.