गादीत जेल भरून घेऊ का?

प्रश्न : वय 46. दोन वर्षं कंबर दुखते, पायात कळ येत नाही. एमआरआयच्या रिपोर्टात 'एल फोर-एल फाइव्ह डिस्क डेसिकेशन' असं आलंय. जेलचं इंजेक्शन दिलं की मणक्यांमधली गादी (डिस्क) पुन्हा फुगते आणि ऑपरेशन टळतं, असं ऐकलं. घेऊ का?

उत्तर : ऑपरेशन टळायला ते मुळात ठरलंय कुठे? एल फोर-एल फाइव्ह म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी, आणि डेसिकेशन म्हणजे तिच्यातलं पाणी आटलं. तुमच्या वयात ते आटतंच. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या 68 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. तेव्हा दुखणं त्या गादीचंच आहे की नाही, हे नुसत्या रिपोर्टावरून मी सांगणार नाही.

जेलची कल्पना मात्र चांगली आहे. ऑपरेशन करताना चिमट्यात येणारा गादीचा गाभा तरुण माणसात बुळबुळीत असतो, झिजलेल्या गादीत त्याचे कोरडे तंतू निघतात. तिथे पाणी धरून ठेवणारा पदार्थ भरायचा. सुईतून जाताना पातळ, आत गेल्यावर घट्ट.

गोम आहे ती दाबात. 1999 मध्ये एका स्वयंसेवकाच्या, तुमच्याच एल फोर-एल फाइव्ह गादीत सेन्सर बसवून दाब मोजला होता. नुसतं उभं राहिल्यावर हवेच्या दाबाच्या पाचपट, आणि कमरेत वाकून 20 किलो उचलताना तेवीसपट! गादीच्या बाहेरच्या कड्याला चीर असली, की जेल तिथूनच वाट काढतं. शिवाय सुईनं पाडलेलं भोक आहेच. तपासणीसाठी टोचलेल्या गाद्या दहा वर्षांनी न टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजलेल्या निघाल्या, असं 2009 च्या एका अभ्यासात दिसलं. मोठ्यांच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, म्हणून ती सावकाश आणि अर्धवटच भरून येते. जेल पोकळी भरतं, गादी नव्यानं घडवत नाही.

म्हणून आज तरी पैसे मोजून घेऊ नका. जेलच्या वैद्यकीय चाचणीत सहभागी व्हायचं असेल तर ती नोंदणीकृत आहे का, जेल बाहेर आलं तर काढणार कसं आणि ते कोण काढणार, हे आधी लेखी मागा. उत्तर देताना समोरचा चुळबुळला, तर उठून या.

तोवर रोज चाला आणि फिजिओथेरपिस्टकडून पाठीचे व्यायाम शिकून घ्या. कंटाळवाणं आहे, मान्य. पण लघवीवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर मला पत्र लिहीत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.