टॉमकॅटसाठी आगोटीची बेगमी

दापोली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पावसाळ्यात हर्णैला नेट गेले की सर्व्हलेटचा, म्हणजे ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा प्रोग्रॅमचा, अभ्यास बंद पडतो, असे तू कळवलेस. तो बंद पडण्याचे वास्तविक कारण नाही. सर्व्हलेट चालवणाऱ्या टॉमकॅट या सर्व्हरला लागते ते जावा आणि एक मोकळे पोर्ट (विनंत्या आत येण्याचे क्रमांकाचे दार), बहुधा ८०८०. ब्राउझरमध्ये तू लोकलहोस्ट लिहितोस तेव्हा विनंती १२७.०.०.१ या पत्त्यावर जाते, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या आतच फिरून येते. वाय-फाय बंद असले तरी तिचे काही अडत नाही.

अडते ते आपण नकळत बाहेरून मागवत असलेल्या वस्तूंपाशी. जून २०२० मधल्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे वीज आणि मोबाइलचे टॉवर बरेच दिवस बंद होते. शेजाऱ्यांच्या जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करून मी कामाला बसलो, सर्व्हर निमूटपणे सुरू झाला, पण पान पार उघडेबोडके दिसले, कारण पानाची सजावट ठरवणारी सीएसएस आणि जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी या दोन्ही फायली मी सीडीएनवरून, म्हणजे नेटवरच्या सार्वजनिक साठ्यातून, घेत होतो. तेव्हापासून त्या माझ्या वेबअ‍ॅपच्या फोल्डरमध्येच असतात.

तेव्हा आगोटीपूर्वी घरात तांदूळ-मिरची भरतो तशी ही बेगमीही करून ठेव. लागणाऱ्या लायब्ऱ्या नेटवरून आणून प्रोग्रॅम बांधून देणारे मेव्हन वापरत असशील तर त्या लायब्ऱ्या आधीच उतरवून ठेवणारी त्याची ‘गो-ऑफलाइन’ आज्ञा चालव, मात्र तिच्यावर विसंबू नकोस; काही प्लगिन तिच्यातून सुटतात, म्हणून वाय-फाय मुद्दाम बंद करून एकदा पूर्ण बिल्ड करून पाहा. चार-दोन सर्व्हलेटांसाठी मला तर मेव्हनचा खटाटोप नकोसाच वाटतो: टॉमकॅटच्या ‘लिब’ फोल्डरमधली सर्व्हलेट-एपीआयची जार (जावाची बांधीव फाइल) क्लासपाथमध्ये, म्हणजे जावा जिथे लायब्ऱ्या शोधते त्या यादीत, दिली की कंपाइल होते. जुन्या पुस्तकातली उदाहरणे करणार असलास तर टॉमकॅट ९ घे. १० पासून पॅकेजचे नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ झाले आहे, त्यामुळे जुनी उदाहरणे तिथे एरर देतात, आणि नेट नसताना त्या एररचा अर्थ शोधायला कोणाकडे जाणार?

बंदरावरच्या लिलावाची जी नोंदवही तू करणार आहेस तिच्यासाठी डर्बी हा छोटा डेटाबेस पुरेल, कारण तो तुझ्या प्रोग्रॅमच्या आतच चालतो. बोलीची रक्कम मात्र सर्व्हलेटच्या इन्स्टन्स व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या सामाईक कप्प्यात, ठेवू नकोस. सर्व्हलेटच्या एकाच ऑब्जेक्टवर अनेक थ्रेड, म्हणजे वेगवेगळ्या विनंत्यांची कामे, एकाच वेळी चालतात. घरी एकट्याने तपासताना ही चूक दिसणार नाही, परंतु बंदरावर दोघांनी एकदम नोंद केली की एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर चढू शकेल.

कळावे.