वाचकांचे प्रश्न : कॉर्व्हेटच्या एक्झॉस्टला हाताचा स्विच

प्रश्न : माझ्याकडे २०११ सालची जुनी घेतलेली शेवरले कॉर्व्हेट ग्रँड स्पोर्ट आहे. वेग वाढवला की तिच्या एक्झॉस्टचा आवाज खुलतो, पण संथ चालवताना ती अगदी साध्या गाडीसारखी वाटते. एका मित्राच्या मते एक फ्यूज काढून ठेवला की आवाज कायमचा मोकळा होतो. मला तो कायमचा नको आहे, कारण रात्री उशिरा घरी येताना शेजाऱ्यांची झोपमोड व्हावी अशी माझी इच्छा नाही. डॅशबोर्डजवळ स्विच बसवून आवाज हवा तेव्हा मोकळा आणि नको तेव्हा पूर्ववत करता येईल का? इंजिनाला अपाय, स्मॉग तपासणी आणि कायदा यांबाबतही मार्गदर्शन करावे. वायरिंगची किरकोळ कामे मी स्वतः करतो. — एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : असा स्विच बसवता येतो आणि नीट बसवला तर त्याने गाडीचे काही बिघडत नाही. मात्र आपल्या गाडीत दुहेरी पद्धतीचा, म्हणजे झडपेने आवाज कधी दबका तर कधी मोकळा करणारा, एक्झॉस्ट आहे, याची खात्री आधी करून घ्यावी. आपली गाडी ज्या पिढीतली आहे त्या सहाव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये झेड झिरो सिक्स या मॉडेलला ही यंत्रणा २००६ पासून मूळचीच होती, तर इतर मॉडेलांना २००८ पासून ती जादा पैसे भरून मिळणारा पर्याय होती, आणि तिचा कारखान्याचा संकेत होता एनपीपी. कारखान्याने बसवलेल्या पर्यायांचे संकेत छापलेल्या चिकटपट्टीवर ही तीन अक्षरे शोधावीत. शिवाय गाडी थंड असताना मागून वाकून पाहिले, तर सायलेन्सरवर बसवलेली धातूची चपटी डबी आणि तिला जोडलेली रबरी नळी दिसायला हवी. आवाज वेगाबरोबर खुलतो असे आपण लिहिले आहे, त्यावरून ती असणारच असे वाटते. ती नसेल, तर नुसत्या स्विचचा काही उपयोग नाही.

ही यंत्रणा समजून घेतली की पुढचे सारे सोपे होते. सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वाटेवर एक फिरती झडप असते. ती स्प्रिंगच्या जोराने उघडी राहते आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमने, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या जोराने, मिटते. इंजिनाचा संगणक एका सोलेनॉइडमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेमार्फत, हा व्हॅक्यूम डबीतल्या पडद्यापर्यंत पोचू देतो, पडदा दांडी ओढतो आणि झडप बंद होते. आपण जोरात ॲक्सिलरेटर दाबला की संगणक व्हॅक्यूम तोडतो आणि झडप उघडते. म्हणजे वीज नाही, व्हॅक्यूम नाही, तर झडप उघडी. वायर तुटली किंवा नळी फाटली तरी इंजिनाचा श्वास कोंडला जाऊ नये, यासाठी ही रचना योग्यच आहे, आणि आपल्या मित्राने सांगितलेली फ्यूजची युक्ती चालते तीही याच कारणाने. सोलेनॉइडची वीज गेली की झडप मिटवणारे कोणी उरत नाही. सातव्या पिढीच्या गाडीत, म्हणजे २०१४ पासून, एक्झॉस्टची पद्धत चालकाला केबिनमधून निवडता येऊ लागली. सहाव्या पिढीच्या मालकांना मात्र ती सोय स्वतः करून घ्यावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या स्विचला दोनच अवस्था असाव्यात : एकीत गाडी कारखान्याने ठरवल्याप्रमाणे वागेल आणि दुसरीत झडप उघडी राहील. झडप कायम बंद ठेवणारी तिसरी अवस्था काही जण हौसेने जोडतात. ती मी कोणालाही सुचवणार नाही. इंजिनाच्या जास्त फेऱ्यांवर मोकळी वाट मिळेल असे गृहीत धरूनच हे इंजिन जुळवलेले आहे. कारखान्याच्या आकड्यांनुसार याच ६.२ लिटरच्या एलएस थ्री इंजिनाची ताकद साध्या एक्झॉस्टसह ४३० अश्वशक्ती आणि दुहेरी एक्झॉस्टसह ४३६ अश्वशक्ती आहे. ती वाट जबरदस्तीने बंद ठेवून जोर लावला, तर मागचा दाब वाढतो आणि उष्णता कोंडते.

जोडणीसाठी मूळ वायर कुठेही कापू नये. एक्झॉस्टच्या सोलेनॉइडचा फ्यूज बॉनेटखालच्या फ्यूजपेटीत असतो. त्याचा क्रमांक आणि क्षमता आपल्या वर्षाच्या पुस्तिकेतील तक्त्यावरून पक्की करावी, आणि त्या फ्यूजवर दुसरे काही चालत नाही ना, हेही तिथेच पाहावे. मग तो फ्यूज काढून त्या जागी फ्यूजच्याच आकाराची, दोन वायरी बाहेर काढलेली पिन बसवावी. मल्टिमीटरने कोणत्या बाजूला वीज येते ते तपासून, त्या बाजूच्या वायरवर पेटीला अगदी लागून तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज ठेवावा. फ्यूज लांब केबिनमध्ये ठेवला, तर मधली वायर घासून उघडी पडल्यास तिला कसलेच संरक्षण राहत नाही, आणि गाडी पेटण्याच्या घटना अशाच वायरींमुळे घडतात.

पुढे दोन मार्ग आहेत. दोन्ही वायरी सरळ केबिनमधल्या साध्या स्विचपर्यंत नेता येतात. माझी पसंती मात्र रिलेला, म्हणजे विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचला आहे. पाच पायांच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए असे आकडे असतात. फ्यूजच्या दोन वायरी ३० आणि ८७ए या पायांना जोडाव्यात, कारण रिलेच्या कॉइलला वीज नसताना हेच दोन पाय आतून जुळलेले असतात. ८५ आणि ८६ हे कॉइलचे पाय. त्यांपैकी एक गाडीच्या अर्थला (धातूच्या सांगाड्याला) आणि दुसरा स्विचमार्गे इग्निशनबरोबर चालू होणाऱ्या, फ्यूज असलेल्या लाइनला जोडावा. अशाने स्विच दाबला की जुळलेले पाय सुटतात आणि झडप उघडते. स्विच बंद असेल, त्याची वायर निसटली असेल किंवा रिलेची कॉइल जळाली असेल, तर गाडी आपोआप कारखान्याच्या पद्धतीवर परतते. बाजारात मिळणारे रिमोटचे तयार संच घेतले, तर केबिनमध्ये वायर आणण्याची खटपट वाचते, पण रिमोटचा सेल संपल्यावर झडप कोणत्या अवस्थेत राहते, ते विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

जोड पिळून त्यावर टेप गुंडाळू नये. पक्कडीने दाबलेला क्रिंप आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी वापरावी, आणि प्रत्येक जोड हाताने ओढून पाहावा. जो ओढल्यावर निसटतो, तो रस्त्यावरच्या कंपनानेही निसटणारच. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला नवे भोक पाडण्याऐवजी आधीच असलेल्या रबरी बुचातून वायर घ्यावी आणि तिला नालीदार आवरण घालून गरम एक्झॉस्टपासून दूर बांधावी.

काही जण विजेला हात न लावता झडपेची रबरी नळी काढतात आणि तिच्या तोंडात गोल्फची टी, म्हणजे चेंडू ठेवायची छोटी खुंटी, खुपसून ठेवतात. हे स्वस्त आहे, पण तोंड नीट बंद झाले नाही, तर इंजिनात जादा हवा शिरते, आयडलिंग अडखळते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. शिवाय प्रत्येक वेळी गाडीखाली वाकावे लागते.

काम झाल्यावर गाडी मोकळ्या जागेत, गॅरेजचे दार उघडे ठेवून नव्हे तर बाहेरच, चालू करावी. एकाने स्विच चालू-बंद करावा आणि दुसऱ्याने मागून डबीची दांडी पाहावी. ती दोन्ही बाजूंना एकदम सरकली आणि लगेच आवाज बदलला, की काम झाले. एकच बाजू हलत असेल, तर बहुधा दुसऱ्या झडपेचा दांडा गंजाने किंवा काजळीने अडकलेला असतो, नाहीतर पडदा फाटलेला असतो. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने पडदा खेचून पाहावा. व्हॅक्यूम टिकत नसेल, तर डबी बदलावी लागेल.

झडप नेहमी उघडी ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या आसपास आठ सिलिंडरांचे हे इंजिन सेकंदाला शंभर स्फोट करते, आणि १०० हर्ट्झची ती घुमणारी घरघर लांबच्या प्रवासात डोके उठवते. आपला स्विच अशा वेळीच खरा उपयोगी पडेल.

स्मॉग तपासणीबाबत चिंता नसावी. ही झडप धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांच्या बरीच मागे असल्याने धुराच्या शुद्धतेशी तिचा संबंध येत नाही. तरीही तपासणीपूर्वी मूळ फ्यूज जागेवर बसवून न्यावा.

आवाजाचा कायदा अधिक कडक आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचे कलम २७१५१ आवाज वाढवणाऱ्या बदलांना मनाई करते आणि ६,००० पौंडांहून कमी एकूण भाराच्या गाडीसाठी ठरलेल्या पद्धतीने मोजलेली मर्यादा ९५ डेसिबल ठेवते. दुरुस्ती करून दाखवली की दंड टळायचा ती जुनी सवलत २०१९ च्या आरंभी लागू झालेल्या बदलाने या बाबतीत काढून घेण्यात आली. सुटे भाग कारखान्याचेच आहेत, हे उत्तर रस्त्यावर पुरेलच असे नाही. आपण मॉन्टेरेजवळच्या लागुना सेका ट्रॅकवर गाडी नेणार असाल, तर तिथे बहुतेक दिवशी नव्वदच्या आसपास डेसिबलची मर्यादा असते आणि ती ओलांडणाऱ्या गाडीला बाहेर बोलावतात. त्या ठिकाणी हा स्विच कामाचा नाही, कारण जोर लावला की संगणक झडप स्वतःच उघडतो.

प्रश्न : माझ्या आयात केलेल्या स्पोर्ट्स कारलाही अशीच झडप आहे. पुण्यात असा स्विच बसवणे योग्य ठरेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : सार्वजनिक रस्त्यासाठी माझा सल्ला नाही असाच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून दूर नेणाऱ्या बदलांना आळा घालते, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली आवाजाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्सवर तीन महिन्यांची अपात्रता अशी तरतूद आहे. बुलेटचे बदललेले सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोड रोलर फिरवण्याची मोहीम आपल्याकडील वाहतूक पोलीस वेळोवेळी राबवतात, हे आपण पाहिले असेलच. आपल्या मॉडेलला कंपनीने स्वतःच एक्झॉस्टचे बटण पर्याय म्हणून दिले असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तेच बसवून घ्यावे आणि त्याचे बिल गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे.