रजिस्ट्रीला हात लावण्याआधी

विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम्सच्या सेटिंग्जचा साठा, ही एकच फाईल नव्हे. सिस्टीम, सॉफ्टवेअर, सॅम वगैरे फायली सिस्टीम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये असतात, तुमच्या खात्याची एनटीयूझर.डॅट वेगळी. विंडोज चालू असताना त्या साध्या कॉपी होत नाहीत. म्हणून आधी रिस्टोअर पॉइंट (बिघडल्यास परत जाता येईल अशी सिस्टीमची जुनी स्थिती) बनवा, आणि जी की (रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा कप्पा) बदलणार तेवढी रेजएडिट या विंडोजच्या रजिस्ट्री एडिटरमधून फाईलमध्ये एक्स्पोर्ट करा. एक लक्षात ठेवा: ती फाईल परत इम्पोर्ट केली की जुन्या नोंदी येतात, पण मधल्या काळात नव्याने पडलेल्या नोंदी पुसल्या जात नाहीत. रेजबॅक या रजिस्ट्रीच्या बॅकअप फोल्डरवर विसंबू नका. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तिथे आपोआप बॅकअप होत नाही. रजिस्ट्रीच्या फायली कॉम्पॅक्ट (आकाराने लहान) केल्याने फक्त आतली रिकामी जागा निघते, वेगात फरक क्वचितच जाणवतो. नवख्याने त्या फंदात पडूच नये, असं माझं स्पष्ट मत.